आधी मासा, मग माणूस

एप्रिल २०१५ मध्ये युरोपियन युनियननं थायलंडच्या सरकारला पिवळं कार्ड दाखवलं. फुटबॉलच्या मैदानावर रेफ्री दाखवतो तसंच. अर्थ असा की तुमच्या बोटी चोरून, नोंद न करता, नियम धाब्यावर बसवून मासळी मारतात. सुधारा, नाहीतर लाल कार्ड. लाल कार्ड म्हणजे तुमचा मासा आमच्या बाजारात बंद. ज्या कायद्याखाली हे कार्ड निघालं तो युरोपचा २००८ चा कायदा. मासा कुठल्या पाण्यात धरला, कुठल्या बोटीनं धरला, परवाना होता का, याचा दाखला तो मागतो. माशाच्या मागं कागद. पण जाळं ज्यानं ओढलं तो माणूस त्या बोटीवर कसा आला, त्याला पगार मिळाला का, तो घरी शेवटचा कधी गेला, ह्याबद्दल त्या कायद्यात कलम नाही.

आणि गंमत बघा. त्या माशाच्या कार्डाच्या धाकानंच सरकार हललं आणि माणसांची मोजदाद सुरू झाली.

हे वाचल्यापासून डोक्यात भुंगा शिरलाय. अभ्यासवर्गात विषय काढला तेव्हा एक मित्र म्हणाला, "सुटली ना माणसं? मग कुणाच्या स्वार्थानं सुटली याचा पंचनामा कशाला? बुडणाऱ्यानं दोर फेकणाऱ्याची जात विचारू नये." दुसरा म्हणाला, "दोर तुझ्यासाठी फेकलाच नव्हता. माशासाठी फेकला. मासा हाती लागला की गुंडाळून नेतील." दोघंही खरं बोलले, म्हणून तर हे लिहायला बसलो. दुसऱ्याच्या फायद्यातून मिळालेली मुक्ती ही मुक्ती असते का? पांढरपेशे विचारवंत असल्या प्रश्नाला तात्त्विक म्हणतात आणि चहा मागवतात. आपल्याला ते परवडत नाही. आपला सगळा इतिहास ह्याच प्रश्नाच्या उंबऱ्यावर बसलाय. त्याच्याकडं येतोच. आधी समुद्रात काय झालं ते.

थायलंडच्या आखातात १९६० नंतर ट्रॉलर वाढले. ट्रॉलरचं जाळं समुद्राचा तळ खरवडत जातं. लहान मोठं, पोटुशी, पिल्लं, सगळं एकाच पिशवीत. काही दशकांत आखात रिकामं होत आलं. मग बोटी लांब जायला लागल्या, इंडोनेशियाच्या पाण्यापर्यंत. लांब जायचं म्हणजे डिझेल आलं. डिझेलचा भाव मालकाच्या हातात नाही. माशाचा भाव व्यापाऱ्याच्या हातात. मालकाला कापता येईल असा खर्च एकच उरतो, माणूस. त्यात नोव्हेंबर १९८९ मध्ये 'गे' नावाचं वादळ आखातात घुसलं, शेकडो मच्छिमार बुडाले. तेव्हापासून थाई पोरांनी ह्या धंद्याकडं पाठ फिरवली. जमिनीवर कारखाने उभे राहत होते, कोण कशाला मरायला जाईल? मग बोटीवर माणसं कुठून आणायची? बर्मा, कंबोडिया, लाओस. जिथं भूक आहे तिथून.

दलाल गावात येतो. बांधकामावर काम आहे सांगतो, कारखान्यात काम आहे सांगतो. सीमा ओलांडायचं भाडं तो देतो, वाटेतल्या पोलिसाचा हप्ता तो देतो, चार दिवस खाऊ घालतो. हे सगळं वहीत चढतं. बंदरावर तांडेल दलालाला पैसे मोजतो आणि वही तांडेलाकडं जाते. आता ते कर्ज फिटेपर्यंत पोरगा त्याचा. कर्ज किती, व्याज किती, हे पोराला वाचता येत नाही, आणि वाचता आलं तरी वही दाखवतो कोण? ज्याच्या घरात कुणी ऊसतोडीच्या मुकादमाची उचल घेतलीय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. फरक एवढाच, उसाच्या फडाला रस्ता असतो. रात्री बायकापोरं घेऊन निघायचं म्हटलं तर मुकादमाची माणसं मागं येतील, मारतील. पण पायाखाली जमीन असते. बोटीला चारी बाजूंनी पाणी. भिंत बांधायचाही खर्च नाही.

आणि ती बोट किनाऱ्याला लागतच नाही. ही युक्ती नीट समजून घ्या, सगळ्याचं कुलूप इथं आहे. भर समुद्रात एक मोठं जहाज येतं. धरलेली मासळी उचलून नेतं. डिझेल, बर्फ, तांदूळ देऊन जातं. दहा बोटींचा मासा एकाच पोटात पडतो. परवान्याचा कुठला, चोरीचा कुठला, देवाला कळायचं नाही. आणि छोटी बोट महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं, बंदर बघत नाही. म्हणजे ज्या भोकातून चोरीचा मासा निसटतो त्याच भोकात माणूस कोंडलेला. मासा शोधायला जाळं आवळलं की माणूसही सापडतो तो ह्या कारणानं. युरोपच्या काळजातून तो सापडलेला नाही.

मार्च २०१५ मध्ये असोसिएटेड प्रेसच्या चार बाई पत्रकारांनी इंडोनेशियातल्या बेंजिना नावाच्या बेटावरचं छापून आणलं. माणसं पिंजऱ्यात ठेवलेली. अगदी शब्दशः पिंजरा, गजांचा. पळून जातील म्हणून. शेजारी दफनभूमी. तिथं साठाहून जास्त थडगी, आणि मेलेल्यांची नावं त्यांची नव्हेतच. बोटीवर चढवताना थाई नावाचे खोटे कागद केलेले, त्याच खोट्या नावानं पुरलेले. गावाकडं आई वाट बघत असेल ते नाव त्या मातीत नाहीच. आपल्या आज्यांना गावानं धोंड्या, कचऱ्या अशी नावं दिली त्याचा आपल्याला राग आहे, असलाच पाहिजे. इथं मेल्यावरसुद्धा मालकाच्या सोयीचं नाव.

त्या बातम्यांनंतर दोन हजारांवर माणसं सुटली. बावीस वर्षांनी घरी पोचलेला एक बर्मी होता. पत्रकारांना २०१६ चं पुलित्झर मिळालं. पण त्यांच्या आधीपासून थायलंडच्या समुत साखोन गावातली एक संघटना हे काम करत होती, पतिमा तुंगपुचायाकुल ह्या बाईंची. त्या स्वतः थाई. इंडोनेशियाच्या बेटांवर जाऊन हरवलेली माणसं शोधायच्या. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं थाई समाजाबद्दल कडक बोलणार आहे आणि त्यात ह्या बाईंचा हिशेब चुकायला नको.

तो मासा जायचा कुठं? काही ताटात. बराचसा ताटातही नाही. ट्रॉलरच्या पिशवीतली जी मासळी माणूस खात नाही तिचं पीठ होतं, ते पीठ कोळंबीच्या शेतीत खाद्य म्हणून जातं, कोळंबी अमेरिकेच्या आणि युरोपच्या दुकानात. काही मासळी तिकडच्या कुत्र्यामांजरांच्या डब्यात. माणूस विकून मांजर पोसलं. इथं कविता करायचा मोह होतो, आवरतो.

आता सरकारनं काय केलं. २०१४ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या मानवी व्यापाराच्या अहवालात थायलंड सगळ्यात खालच्या पायरीवर गेलं होतं. वर्षभरात युरोपचं कार्ड आलं. देशात मे २०१४ पासून लष्कराची सत्ता, त्यामुळं हुकूम झटपट निघाले. २०१५ मध्ये मासेमारीचा नवा कायदा. नौदलाच्या हाताखाली खास पथक. बंदरात शिरताना आणि निघताना प्रत्येक मोठी बोट थांबवायची, कागद बघायचे, माणसं मोजायची. त्यासाठी किनाऱ्यावर जागोजाग तपासणी केंद्रं. तीस टनांवरच्या बोटींवर उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारं यंत्र. एका खेपेला तीस दिवसांच्या वर समुद्रात राहायचं नाही. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती. लेखी करार. पगार रोकड नाही, बँकेतून. भर समुद्रातल्या त्या मोठ्या जहाजांवर निर्बंध. जानेवारी २०१९ मध्ये युरोपनं कार्ड परत घेतलं, आणि त्याच महिन्यात थायलंडनं मच्छिमार कामगारांच्या कामाबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार, क्रमांक १८८, मंजूर केला. आशियात पहिलं.

हे सगळं फालतू आहे असं मी म्हणणार नाही. काही लोकांना सरकारनं काहीही केलं की तोंड वाकडं करायची सवय असते. तीस दिवसांनी जमीन दिसणं म्हणजे काय हे वर्षभर पाण्यावर राहिलेल्यालाच विचारा. पण दोन गोष्टी बघा. एक, हेच लष्करी सरकार जमिनीवर काय करत होतं? पाच किंवा जास्त माणसांनी राजकारणासाठी एकत्र जमायला बंदी घालून बसलं होतं, थेट २०१८ च्या डिसेंबरपर्यंत. समुद्रात माणूस सोडवायचा आणि जमिनीवर पाच माणसं एकत्र येऊ द्यायची नाहीत! दोन, जानेवारी २०१८ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचनं अहवाल काढला: तपासणी होते, पण तपासणारा बऱ्याचदा तांडेलाशी आणि मालकाशी बोलतो, खलाशाशी नीट बोलतच नाही. बोट रांगेत उभी, माणसं डेकवर बसवलेली, डोकी मोजली, कागदाशी जुळली, जा. ज्याला विचारायचं त्याला सोडून सगळ्यांना विचारलं.

उपग्रहाला बोट दिसते. बोटीतल्या माणसाचं तोंड हललं तर ते दिसत नाही.

आता अमेरिकेचा कायदा बघा, म्हणजे माझं म्हणणं कळेल. १९३० चा त्यांचा जकातीचा कायदा. कलम ३०७. सक्तीच्या मजुरीनं बनलेला माल आत येऊ द्यायचा नाही. वाचून उर भरून येतो. पण त्याच्यातच एक पळवाट होती: त्या वस्तूची देशात गरज असेल आणि देशी उत्पादन पुरं पडत नसेल, तर चालेल. म्हणजे गुलामानं केलेला माल हा आमच्या कारखानदाराशी स्पर्धा करत असेल तर पाप, आणि आमच्याकडं तो माल कमी पडत असेल तर पाप नाही. ही पळवाट बुजली फेब्रुवारी २०१६ मध्ये. शहाऐंशी वर्षं ती तशीच होती. एवढ्या वर्षांत तिकडं किती पाद्री झाले, किती न्यायाधीश झाले, किती नीतिशास्त्राचे प्रोफेसर झाले.

तेव्हा पहिल्या मित्राला मी विचारतो, स्वार्थाचा पंचनामा करायचा नाही म्हणतोस? मग हे ऐक. कंपनी सरकारनं आपल्या पूर्वजांच्या हातात बंदूक दिली. प्रेमानं दिली का? त्यांना शिपाई पाहिजे होते. त्या बंदुकीबरोबर पलटणीतली शाळा आली, दोन अक्षरं आली, पेन्शन आली. बाबासाहेब स्वतः सुभेदाराचे पुत्र. तेव्हा दुसऱ्याच्या स्वार्थातून काहीच मिळत नाही असं म्हणणारा आपला इतिहासच विसरला. पण पुढं? १८९० च्या दशकात इंग्रजाच्या डोक्यात लढवय्या जातींचं खूळ शिरलं आणि महारांची भरती बंद. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज लिहिला, काय उपयोग झाला? महायुद्ध पेटलं, माणसं कमी पडली, १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपलं, १९२१ मध्ये मोडली. गरज होती तोवर शूर, गरज संपली की अस्पृश्य. स्वार्थानं उघडलेलं दार स्वार्थ संपला की लागतं. दुसरा मित्र म्हणतो ते हे.

थायलंडात तेच झालं. कार्ड गेल्यावर बोटमालकांच्या संघटनांनी जोर धरला: नियम जाच करतात, धंदा बुडतो, युरोपचं ऐकून आपण आपलीच माणसं मारली. २०२४ मध्ये तिथल्या संसदेत मासेमारीचा कायदा सैल करणारी दुरुस्ती आली. भर समुद्रात माल-माणसं हलवण्याची मोकळीक, हलका दंड. कामगारांच्या आणि पर्यावरणाच्या संघटना विरोधात उभ्या राहिल्या. तारखा लावून बघा. पिवळं कार्ड असताना ही दुरुस्ती कुणाच्या तोंडून निघाली असती का?

आता दुखरी जागा. थायलंड हा बौद्धांचा देश. मालक बौद्ध, तांडेल बौद्ध, दलाल बौद्ध. विकलेला बर्मी पोरगाही बौद्ध, कंबोडियाचा खलाशीही बौद्ध. बाबासाहेब १९५४ मध्ये रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते, त्याच देशातली ही पोरं. आपले काही भिक्खू आणि पुढारी थायलंडहून बुद्धमूर्ती आणतात, कौतुक करतात, देश कसा शांत, लोक कसे हसरे. तिथं एक चाल आहे: पुण्य लागावं म्हणून बाजारातून जिवंत मासे विकत घ्यायचे आणि विहारापाशी पाण्यात सोडायचे. मला त्या चालीची टिंगल करायची नाही. पण जो मासा सोडून पुण्य घेतो त्याच्याच समुद्रात माणूस धरून ठेवलेला असतो, ह्याचं काय करायचं?

अंगुत्तर निकायात तथागतांनी उपासकाला पाच व्यापार मना केलेत. शस्त्राचा, प्राण्याचा, मांसाचा, मद्याचा, विषाचा. त्यातला दुसरा, पालीत सत्तवणिज्जा. जुन्या टीकाकारांनी त्याचा अर्थच माणसांचा व्यापार असा लावलाय. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी नियम होता. (मांसाच्या व्यापारावरून कुणी मला धरेल. मी बोंबील खातो, खाणार. तो वाद वेगळा.) नियम असून काय झालं? देवळात पाच शील म्हणून बंदरावर वही उघडायची. म्हणजे धम्म खोटा का? मला तसं वाटत नाही. मला वाटतं, ज्या धम्मात पुण्याचा हिशेब एकेकट्याचा असतो तिथं समाजाचा गुन्हा कुणाच्याच खात्यावर चढत नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना धम्माला माणसामाणसांतला व्यवहार केलं ते उगीच नाही. एकटा माणूस असेल तर धम्माची गरज नाही, दोन माणसं आली की गरज पडते, हा त्यांचा मुद्दा. बोटीवर तांडेल आणि खलाशी ही दोन माणसं आहेत. धम्म तिथं पाहिजे. सोडलेल्या माशात तो कसा सापडणार?

आणि हे फक्त त्यांना लागू नाही. आपण बावीस प्रतिज्ञा म्हटल्या म्हणून आपल्यातला बिगारीचा ठेकेदार, आपल्यातला मुकादम आपोआप सुधारला का? प्रत्येकानं आपापल्या वस्तीत बघावं.

आता खरा पेच. मालक म्हणतो, ह्यांना पकडून कोण आणलं? आपल्या पायानं आले, अंगठा त्यांनीच दिला. १९३० च्या आंतरराष्ट्रीय करारात सक्तीच्या मजुरीची व्याख्या आहे: शिक्षेच्या धाकानं घेतलेलं आणि माणसानं स्वेच्छेनं देऊ न केलेलं काम. दोन अटी. पिंजऱ्यातल्या माणसाला दोन्ही लागू. पण जो आपणहून आला, ज्याला कुणी मारलं नाही, फक्त कर्ज फिटत नाही आणि गावाकडं खायला नाही, त्याचं काय? तो गुलाम की मजूर? इथं आपल्या घटनेचं कलम २३ बघा. माणसांचा व्यापार आणि बेगार बंद. इंग्रजीतल्या घटनेतसुद्धा 'बेगार' हा आपलाच शब्द ठेवलाय, कारण त्यांच्याकडं तसा शब्द नव्हता. आपल्याकडं शब्द होता, कारण वस्तू होती. बावन हक्कांच्या नावाखाली महारानं रात्री-अपरात्री जे धावायचं होतं ते बेगारच होतं. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते त्यासाठी. तेव्हा पास झालं नाही. वतनं गेली १९५८ च्या कायद्यानं.

त्या कलम २३ चा अर्थ सुप्रीम कोर्टानं १९८२ मध्ये सांगितला. दिल्लीत एशियाडची बांधकामं चालली होती, मजुरांना किमान वेतन मिळत नव्हतं. न्यायमूर्ती भगवतींच्या निकालात म्हटलंय ते माझ्या शब्दांत असं: भूक आणि दारिद्र्य हीसुद्धा सक्तीच. दुसरा रस्ता नाही म्हणून किमान वेतनाच्या खाली राबणारा माणूस सक्तीनंच राबतोय. बंदूक लावायची गरज नाही. ह्या मापानं मोजलं तर थायलंडच्या बोटी राहू द्या, आपल्या गावचा अर्धा हंगाम पिंजऱ्यात निघेल. म्हणूनच हा निकाल कुणी फारसा वापरत नाही.

मी गिरणीत सूत काढतो. पाळी संपली की भोंगा होतो आणि मी गेटातून बाहेर पडतो. पगार कमी, कापूस छातीत, सगळं खरं. पण गेट आहे आणि ते बाहेरही उघडतं. गुलाम आणि मजूर ह्यांच्यातला फरक मला पुस्तकात नीट सापडला नाही, गेटावर सापडला. तामिळनाडूच्या सूतगिरण्यांत 'सुमंगली' नावाची योजना होती: तीन वर्षं राबा, शेवटी लग्नाला एकरकमी पैसे घ्या. गरीब घरच्या पोरी, त्यात दलितांच्या पुष्कळ, गिरणीच्याच हॉस्टेलात कोंडलेल्या. मधे सोडून गेली तर पैसे बुडाले. सूत तेच, साचा तोच. फक्त गेट उलटं.

आणि ह्याच ठिकाणी बाबासाहेबांचं १९३८ चं म्हणणं मला सगळ्यात मोठं वाटतं. मुंबईच्या कायदेमंडळात औद्योगिक तंट्यांचं विधेयक आलं होतं. काही प्रसंगी संप हा गुन्हा ठरणार होता. बाबासाहेब म्हणाले त्याचा गाभा असा: संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव. काम सोडल्याबद्दल माणसाला शिक्षा करणं म्हणजे त्याच्या मनाविरुद्ध त्याला राबवणं, म्हणजे त्याला गुलाम करणं. ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत एक दिवसाचा संप झाला तो ह्याच विधेयकाविरुद्ध. आता हे माप थायलंडला लावा. तिथला १९७५ चा कामगार संबंधांचा कायदा युनियन काढायचा आणि चालवायचा हक्क थाई नागरिकालाच देतो. बोटीवर कोण आहे? बर्मी आणि ख्मेर. उपग्रह लावला, करार लिहिला, बँकेत खातं काढलं, आणि जे एक हत्यार माणसाच्या स्वतःच्या हातात राहतं ते तेवढं दिलं नाही. अमेरिकेनं ऑक्टोबर २०१९ मध्ये कामगार हक्कांचं कारण देऊन थायलंडच्या काही व्यापारी सवलती काढायचं जाहीर केलं, तरी ते कुलूप तसंच राहिलं. तरीसुद्धा वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मदतीनं ही माणसं बंदराबंदरात एकत्र येताहेत. युनियन म्हणायची सोय नाही म्हणून 'मच्छिमार हक्कांचं जाळं' म्हणतात. जाळं हा शब्द त्यांनी बरोबर उचलला.

मग माझं म्हणणं काय? पिंजऱ्यातल्या माणसाला "आधी संघटित हो" म्हणून व्याख्यान देणारा मला भामटा वाटतो. त्याचं कुलूप बाहेरूनच तोडावं लागतं, आणि तोडणारा कशासाठी तोडतोय हे तेव्हा विचारत बसू नये. युरोपची पहार असेल तर युरोपची. २०२४ मध्ये युरोपनं आणखी एक कायदा केलाय: सक्तीच्या मजुरीचा कुठलाच माल बाजारात येऊ द्यायचा नाही, डिसेंबर २०२७ पासून लागू होणार. ह्या खेपेला कायद्यात माशाआधी माणूस आहे. चांगलंच आहे. पण तो माल अडवणार. ज्याचा तीन वर्षांचा पगार बुडाला त्याला तो कोण देणार? पहारीनं कुलूप तुटतं, पहार पगार वसूल करत नाही. त्याला तिथं उभं राहून मागणारा माणूस लागतो, आणि त्याच्या मागं दहा माणसं लागतात. पहिला मित्र कुलूप तुटण्यापुरता बरोबर आहे. त्यानंतरच्या सगळ्या वर्षांसाठी दुसरा.

शेवटी आपल्या किनाऱ्याचं थोडं. महाराष्ट्राचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१ चा, २०२१ मध्ये दंड वाढवले. कुठल्या पट्ट्यात कुठलं जाळं, जाळ्याचा आस केवढा, पर्ससीनला कुठं बंदी, दिव्याच्या उजेडावर मासेमारी नको, पावसाळ्यात जून-जुलै बंद. चांगला कायदा आहे, गरीब कोळ्याला तो हवाच आहे, तो मोडणारे मोठे बोटवालेच. पण तोही माशाचाच कायदा. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटींवर नेपाळचे खलाशी मोठ्या संख्येनं आहेत. बोटी आपल्या, तांडेल आपले, मासे आपण खातो. त्या पोरांची थायलंडसारखी अवस्था आहे असं मी म्हणत नाही. आपल्या बोटी काही दिवसांत बंदरात येतात. पण आगाऊ रक्कम कुणी किती दिली, ओळखीचे कागद कुणाच्या पेटीत असतात, हंगामाच्या मधे आई आजारी पडली तर हिशेब करून जाता येतं का, बोटीवरून पडून मेला तर गावाकडं कळवतो कोण, एवढं विचारायला काही पुलित्झर लागत नाही. १ ऑगस्टला बोटी सुटतात. त्याच्या आधीचे आठ दिवस ती पोरं बंदरावर जाळी विणत बसलेली असतात, वेळ असतो त्यांना. कोकणातल्या ज्या मित्रांकडं हा अंक जाईल त्यांनी जाऊन बसावं. हिंदी येतं त्यांना. आणि तांडेल जरा लांब गेल्यावर विचारावं.